मर्वच्या हातून सुटलेली काठी

मर्व टनब्रिजच्या हातून काठी सुटली ती फार तर एका श्वासापुरती. पण वाऱ्याला तेवढा वेळ पुरला.

मर्व सत्तरीला टेकला असला तरी ही काठी म्हातारपणाची नव्हे. दुमजली घराएवढा उंच कागदी पडदा असतो, त्याच्या डाव्या अंगाचा हा वासा. लांबोडक्या चेंडूच्या फुटबॉलचा सामना सुरू होण्याआधी बगळ्यांचा संघ प्रेक्षकांच्या सज्जाखालच्या बोगद्यातून धावत येतो आणि हा पडदा छातीने फाडून मैदानात उतरतो. बगळे हे क्लबाचं लाडकं नाव. जर्सीवर एका पायावर उभा असलेला बगळा आहे, आणि गेल्या काही वर्षांतली कामगिरी पाहून तो दुसरा पाय कधी टेकणार, असं विरोधक विचारत असतात. तर दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पायांत नुसते मोजे घालून पंचवीसेक माणसं गुडघ्यांवर रांगतात, क्रेप कागदाच्या पट्ट्यांना पट्ट्या चिकटवतात, आणि शनिवारी तो सगळा खटाटोप डोळ्यांदेखत फाटला की टाळ्या वाजवतात. प्रश्न फक्त एवढाच, की तो फाडायचा कुणी.

त्या शनिवारी पडद्यावर एक नाव होतं. जो पोरगा पहिल्यांदा मोठ्या संघातून खेळतो त्याचं नाव पडद्यावर घालतात, आयुष्यात एकदाच. अक्षरं पांढरी, मागे गडद निळा:

टिंबूलचा आला रीस
बगळ्याला फुटलं नवं पीस

काव्य डॉट पेनरोजचं. डॉट ही या पडदेवाल्यांची पुढारी. निवृत्त परिचारिका, आवाज अजून वॉर्डातला. तिचा एकच कायदा: काठी धरणाऱ्याचे दोन्ही हात काठीचे. नाकावर माशी बसो, खिशात फोन वाजो, बायको चक्कर येऊन पडो, हात काठीवर.

बोगद्याच्या तोंडाशी संघ आला. रांगेत तिसरा रीस मडफर्ड, वय एकोणीस, चेहरा दुधासारखा पांढरा. त्याने त्या हजारो माणसांत मर्वला हुडकलं आणि कोपर अंगाला चिकटवून, कुणाला दिसू नये असा, छोटासा हात हलवला.

मर्वने उमेदीची सगळी वर्षं शहरातल्या सिडनी रोडवर ट्राम चालवण्यात घालवली होती. समोरच्या ट्रामच्या ड्रायव्हरने हात केला की आपला उजवा हात उचलायचा. ही सवय डोक्यात राहत नाही, खांद्यात राहते. रीसचा हात हलला, आणि मर्वचा उजवा हात आपणहून वर गेला. तो काठीवरचा हात होता.

मग जे झालं ते सगळ्या शहराने टीव्हीवर तीनतीनदा पाहिलं. वासा कलला, वारा पोटात शिरला, पडदा एकदा शिडासारखा फुगला आणि रीसच्या नावातून उभा फाटत गेला. 'नवं पीस' लिहिलेला तुकडा उडत जाऊन एका पंचाच्या पांढऱ्या टोपीवर बसला. समोरच्या संघाचे लोक असे हसले की वरच्या सज्जातली कबुतरं उठली. बगळ्यांचा संघ त्या भगदाडातून आत आला, दार उघडंच असलेल्या घरात चोर शिरावेत तसा, जरा ओशाळून. ज्याच्या नावाने पडदा होता त्या रीसच्या वाट्याला फाडायला काही उरलंच नव्हतं. एक पट्टी लोंबत होती, तीही त्याने हाताने बाजूला सारली.

मर्व काठी धरून उभा होता. आता दोन्ही हातांनी.

*

हा रीस मर्वच्या घरी आला होता त्याच्या आदल्या नोव्हेंबरात. टिंबूल हे मॅली या कोरड्या गहूपट्ट्यातलं गाव: गव्हाची कोठारं, एक पब, एक मैदान. शनिवारी सगळं गाव मैदानाभोवती गाड्या लावून बसतं आणि गोल झाला की टाळ्यांऐवजी भोंगे वाजवतं. रीसचा बाप शाळेची बस चालवतो, आई क्लबाच्या खिडकीतून गरम चिप्स विकते. पोराने चालायला लागल्यापासून लांबोडका चेंडू लाथाडला, आणि एका संध्याकाळी टीव्हीवर नव्या पोरांची नावं वाचली जात होती त्यात त्याचं नाव आलं. कुठल्या क्लबाने उचलावं हे पोराच्या हातात नसतं. ज्याने उचललं त्याच्या गावी जायचं. आई रडली, बाप बाहेर जाऊन बसचं इंजिन तपासून आला, आणि आठवड्याच्या आत रीस शहरात.

अशा परगावच्या पोरांना पहिली एकदोन वर्षं क्लब कुणाच्या तरी घरात ठेवतो. मर्व आणि नोरीनला मूलबाळ नव्हतं, मागची खोली रिकामी होती, आणि मर्वच्या रक्ताचा रंग क्लबासारखा निळा-पांढरा असल्याची डॉक्टरांनाही शंका होती. रीस त्यांच्याकडचा चौथा. पहिला नावारूपाला आला, दुसरा परत गेला, तिसऱ्याने व्यायामशाळा काढली आणि नाताळला कार्ड पाठवतो.

दारात उशी, बूट आणि फ्रूट केकचा डबा घेऊन रीस उभा राहिला. म्हणाला, "मिस्टर टनब्रिज, तुम्ही म्हणाल तिथे बूट काढतो."

"मिस्टर टनब्रिज माझा बाप होता. वारला," मर्व म्हणाला. "मी मर्व. आणि तुम्ही-बिम्ही म्हणालास तर पुढच्या थांब्यावर उतरवीन."

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांना गाडी, पैसा, पोरी दिसतात. मर्वला दिसायचं ते एवढंच: भर उन्हाळ्यात मैदानाला फेऱ्या मारून कुंपणाशी ओकणारं पोर. सकाळी समुद्राच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उभं करायचं, स्नायू शांत व्हावेत म्हणून. दुपारी अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर चुका दाखवायच्या. आठवड्यातून एकदा एक बाई चिमटा घेऊन यायची आणि पोटाची कातडी चिमटीत धरून चरबी मोजायची. नोरीनला या बाईचा फार राग. तिच्या मते पोराच्या अंगावर धरायला काही नव्हतंच.

"चिमटा घेऊन तिने माझ्याकडे यावं," नोरीन म्हणायची. "दिवसभर पुरेल तिला."

क्लबाने आहाराचा तक्ता पाठवला होता: उकडलेला मासा, उकडलेली भाजी, उकडलेलं सगळं. नोरीनने तो कपाटाच्या दाराला आतून लावला, दार बंद केलं आणि मेंढीच्या चॉप्स तळल्या.

रात्री जेवण झालं की रीस टिंबूलला फोन लावायचा. आईशी दोन वाक्यं, बापाशी एक, आणि मग स्पॅनर नावाच्या कुत्र्याशी बराच वेळ. आई कुत्र्याच्या कानाला फोन धरायची. मर्व शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा आणि त्याच्या डोळ्यांत कसलंसं जायचं.

त्या दोघांचा एक नेम होता. संध्याकाळी ट्राम डेपोमागच्या बागेत जायचं. तिथे गोलाचे दोन जुने खांब आहेत. रीस समोरून चेंडू मारायचा, मर्व खांबांच्या मागे उभा राहायचा आणि चेंडू परत आणून द्यायचा.

"मर्व, तू बस ना. मी आणतो."

"मी आयुष्यभर बसूनच काम केलंय. मार तू."

आणि रीस मारायचा. खांबांच्या मधून, मर्वच्या टोपीच्या जरा वरून. अंधार पडला, खांब दिसेनासे झाले तरी म्हणायचा, "तू तिथेच राहा. तुझी टोपी दिसते तिथे मारतो."

*

त्या शनिवारी तिसऱ्या डावात रीसने खांबांसमोर, अगदी नाकासमोर, चेंडू हवेत अलगद धरला. चेंडू असा हवेत धरला तर नियमाने कुणी अंगावर यायचं नाही. थांबायचं, दोन पावलं मागे जायचं आणि निवांत मारायचं. टिंबूलहून बापाने शाळेचीच बस भरून माणसं आणली होती. ती सगळी उभी राहिली. बसचा भोंगा बाहेर राहिला म्हणून एकाने तोंडाने वाजवला.

पडदेवाल्यांची जागा खांबांच्या बरोबर मागे. मर्व पहिल्या रांगेत होता, मांडीवर फाटक्या कागदाचा बोळा. रीसने मान वर करून खांबांकडे पाहिलं, आणि मर्वला वाटलं, पोरगा आपल्याला शोधतोय. बागेत शोधायचा तसा, टोपी.

आता त्या वेळी मर्वने काय करावं? ताठ बसावं, टोपी दाखवावी. पण काठीचा प्रसंग ताजा होता. इतक्या लोकांनी हसून झाल्यावर, आणि शेजारी डॉट बसलेली असताना, मर्वने टोपी काढली आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेली होती. त्याने ती सोडून पुन्हा बांधली.

डोक्यावर खांब वाजल्याचा आवाज आला.

मधून गेला तर सहा गुण, खांबाला लागला तर एक. पांढऱ्या टोपीच्या पंचाने दोनाऐवजी एकच झेंडा हलवला. बगळे चार गुणांनी हरले.

लाजेला गणित फार चांगलं येतं. एकाच्या जागी सहा असते तर आपण एका गुणाने जिंकलो असतो, हे मर्वला घरी पोचेपर्यंत पाठ झालं होतं. इतर खेळाडूंनीही त्या दिवशी चेंडू वाकडे मारले होते, कर्णधाराने तर दोन. पण ते गणित लाजेला येत नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये डॉटने कोर्ट भरवलं. मर्व मोजे घालून मधोमध उभा.

"मर्व्हिन," डॉट म्हणाली. ती पूर्ण नाव घेते तेव्हा जुन्या रोग्यांना इंजेक्शन आठवत असेल. "तुला एक काठी धरायला दिली होती. समुद्र धरायला दिला नव्हता. का सोडलीस?"

मर्व तोंड उघडणार होता. खरं कारण सोपं होतं: पोराने हात केला, मी हात केला. पण मग त्याला हॉलच्या पलीकडचं दिसलं. ही गोष्ट हॉलमधून क्लबात जाणार, क्लबातून कपडे बदलायच्या खोलीत. पहिल्या सामन्याला बोगद्यातून येताना बगळ्यांचं नवं पीस नवरीसारखं लोकांना हात करत होतं! तिथले पोरगे हे पाच वर्षं पुरवून खातील. आणि त्यांचा प्रशिक्षक असा, की बोगद्यात कुणी शिंकलं तरी याचं खेळात लक्ष नाही म्हणून बाहेर बसवतो.

"खाज आली," मर्व म्हणाला.

"काय आली?"

"खाज. नाकाला."

हॉलमध्ये कुणीतरी फुसकन हसलं. डॉटने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाकाला," ती म्हणाली. "पोराच्या आयुष्यात एकदा येणारा पडदा, आणि तुझ्या नाकाला. ठीक. यापुढे काठी ग्रेग धरेल. तू सामना संपल्यावर कागद गोळा कर. झाडू हातात असला की खाजवायलाही बरं."

तेव्हापासून मर्व झाडूवाला. येणारेजाणारे विचारायचे, "काय मर्व, आज नाक कसंय?" तो हसायचा. हसताना कान लाल व्हायचे.

*

रीसला दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या संघातून काढलं. अंधाऱ्या खोलीत तो खांबाला लागलेला चेंडू सगळ्यांसमोर दाखवला, थांबवून थांबवून, आणि मग प्रशिक्षकाने सांगितलं, "पाय ठीक होता. डोळे कुठे होते ते बघ."

हे घरी रीसनेच सांगितलं, चॉप कापता कापता. डोळे कुठे होते! मर्वच्या घशात बटाटा अडकला. डोळे कुठे होते ते त्याला माहीत होतं. डोळे टोपी शोधत होते, आणि टोपी नाडी बांधत होती.

त्या घरात मग एक विचित्र सभ्यता सुरू झाली. "मीठ देतोस?" "हे घे." "थँक्यू." "कशाला थँक्यू?" "सॉरी." कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना. बागेतला नेम मोडला. रीस म्हणायचा, आज क्लबातच सराव झाला. मर्व म्हणायचा, बरं झालं, माझा गुडघा जरा. रीस खोलीत जाऊन दार लावायचा आणि स्पॅनरशीही थोडंच बोलायचा.

"तुमच्या दोघांचं काय बिनसलंय?" नोरीनने विचारलं.

"कुठे काय?"

"तेच तो म्हणतो. दोघं एकच खोटं बोलताय, निदान वेगवेगळं बोला."

रीस आता दुय्यम संघातून खेळत होता. तिथे सगळं निराळं. मैदान खाडीकाठी, वारा खारट, प्रेक्षक थोडके आणि त्यांतले बरेच कुत्रे. डावांच्या मधल्या सुट्टीत लोक मैदानात उतरतात, खेळाडूंच्या घोळक्यात मान घालून प्रशिक्षकाचं ऐकतात, खिमा भरलेल्या गरम पेस्ट्र्या खात खात. बोगदा नाही, टीव्ही नाही, आणि पडदा तर नाहीच. दुय्यम संघाला पडदा म्हणजे बादलीभर पाण्यात सूर मारायला फळी.

पण लाजलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. मर्वच्या डोक्यात बसलं, की पोराला त्याचा पडदा मिळाला नाही. तो आपण देणं लागतो.

त्याने गॅरेजमध्ये बसून एकट्याने पडदा केला. डॉटच्या कपाटाला कुलूप होतं, म्हणून कागद स्वस्तातल्या दुकानातून आणला, निळाशार. काठ्यांना नोरीनच्या टोमॅटोंचे बांबू. काव्य त्याला येत नव्हतं. 'चल रीस' एवढंच लिहिलं, त्यातला 'रीस' कडेला येऊन दबला. दुसरी काठी धरायला नोरीन.

"रीसला विचारलंस?" तिने विचारलं.

"अगं, विचारलं तर नको म्हणेल."

"तेच म्हणते मी."

शनिवारी भुरभुर पाऊस होता. संघ कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर पडला आणि जागच्या जागी थांबला. समोर पुरुषभर उंचीचा पडदा, एका टोकाला मर्व, दोन्ही हात काठीवर, दुसऱ्या टोकाला नोरीन, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. एक कुत्रं येऊन पडद्याचा वास घेऊन गेलं.

दुय्यम संघाचा कर्णधार डूगन, दाढीवाला दांडगा गडी. "कुणाचं लग्न आहे का रे?" तो ओरडला. मग त्याने 'चल रीस' वाचलं. "अरे वा, नवरदेव आपलाच! मडफर्ड, जा बाबा, सासरची माणसं खोळंबली आहेत!"

सगळा संघ दोन्ही बाजूंनी पडद्याला वळसा घालून गेला, टाळ्या वाजवत. रीस एकटा उरला. कानापर्यंत लाल. त्याने मर्वकडे पाहिलं. मर्वने मान हलवली, म्हणजे जा म्हणून की राहू दे म्हणून, हे मर्वलाही कळलं नव्हतं.

रीस धावला. कोरडा क्रेप कागद फाटतो. भिजलेला क्रेप कागद फाटत नाही, मिठी मारतो. पडदा बांबूंसकट त्याच्याभोवती गुंडाळला गेला, नोरीन दोन पावलं फरफटत गेली, आणि रीस आंधळ्यासारखा हात पसरत पुढे गेला तो डूगनच्या पोटावर आदळला. सोडवून काढला तेव्हा कळलं की स्वस्तातला कागद रंग सोडतो. कपाळ निळं, मान निळी, पांढरी चड्डी निळी, जर्सीवरचा बगळा खंड्या झालेला. पंचाने येऊन विचारलं, हा कुठल्या संघाचा.

सामनाभर त्याला सगळे "नीळ" म्हणत होते. "नीळ, इकडे दे!" "नीळ, मागे बघ!" विरोधी संघाचा त्याच्यावर ठेवलेला गडी अंग लावायला तयार होईना, कपडे खराब होतील म्हणून. रीसने दोन गोल केले आणि एक चुकवला. एवढं वाईट नव्हतं, पण मर्व ते बघायला होता कुठे? तो गाडीत जाऊन बसला होता, काचा वर करून.

घरी जाताना रीस मागच्या सीटवर कचऱ्याच्या पिशवीवर बसला, सीटला डाग नको म्हणून. नोरीनने एकदा मागे वळून पाहिलं आणि तिला हसू फुटलं ते सिडनी रोडच्या टोकापर्यंत आवरेना. मागून कसलातरी आवाज येत होता. आरशात मर्वला रीसची मान खाली घातलेली आणि खांदे हलताना दिसले. पोरगा रडतोय, मर्वला वाटलं. त्याने पुन्हा आरशात पाहिलं नाही.

"अरे मर्व, बोल ना काहीतरी," नोरीन डोळे पुसत म्हणाली.

"सिग्नल लागलाय," मर्व म्हणाला.

त्या आठवड्यात नोरीनच्या सगळ्या चादरी फिकट निळ्या झाल्या. मर्व रोज रात्री आपल्याच लाजेवर आडवा व्हायचा.

*

ऑगस्टात मोठ्या संघातला एकजण मांडी धरून बसला आणि त्याच्या जागी रीसचं नाव निघालं. गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला, बूट दारात काढले, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "शनिवारी आहे मी. मोठ्यात."

नोरीनने त्याचं डोकं पोटाशी धरलं, चमच्यासकट. मर्व "छान" म्हणाला. "फारच छान." मग उठून कचरा बाहेर ठेवून आला, जरी तो दिवस कचऱ्याचा नव्हता.

परत येतो तो फोन वाजला. डॉट.

"मर्व्हिन, आज हॉलवर आला नाहीस. ग्रेग मुलीकडे गेलाय, डाव्या काठीला माणूस नाही. तुझं नाक काय म्हणतंय?"

"बरं आहे," मर्व म्हणाला.

"दोन्ही हात असले तर ये. नसले तर आत्ता सांग." आणि फोन ठेवला. डॉटच्या आवाजात जितकी माया मावते तितकी त्यात होती.

मर्व खुर्चीत बसला. नोरीन फ्रूट केक आणायला फ्रीजकडे गेली. टिंबूलहून आलेला नवा डबा होता. टेबलाशी दोघंच.

"मी आपला शनिवारी घरीच बघेन म्हणतो," मर्व मिठाच्या बाटलीला म्हणाला. "टीव्हीवर जवळून दिसतं. गुडघाही जरा."

"कुठला?" रीसने विचारलं.

"काय कुठला?"

"गुडघा."

मर्वला पटकन ठरवता येईना. रीस ताटातले मटार काट्याने रांगेत लावत होता, एकामागे एक, बोगद्यातून निघाल्यासारखे.

"डॉट भेटली होती मला," तो म्हणाला. "क्लबाच्या दाराशी. खूप दिवस झाले त्याला. म्हणाली, तुला खाज आली होती."

"हो."

"नाकाला."

"हो. आली होती."

"सगळा मोसम तुला झाडू मारायला लावला, त्या खाजेपायी."

"झाडायला काय," मर्व म्हणाला. "कुणीतरी झाडायलाच हवं." कान लाल व्हायला लागले हे त्याचं त्यालाच कळलं. मोसमभर जे घशात अडकलं होतं ते वर आलं, पण निम्मंच. बाकीचं शब्दांत येईना, म्हणून त्याने फक्त काठीचं विचारलं. "तिला डाव्या बाजूला माणूस हवाय. मी उभा राहिलो, आणि पुन्हा काही... म्हणजे तुझं तू बघ. तुला नको असेल तर मी सांगतो तिला, गुडघा म्हणून. राग नाही यायचा मला. धरू का मी काठी?"

रीसने शेवटचा मटार रांगेत लावला. तो मर्वइतकाच लाल झाला होता, आणि कित्येक आठवड्यांनी सरळ मर्वकडे बघत होता.

"धर. या वेळी मी हात हलवणार नाही."